चहा, साखर, कमी

आमच्या सासूबाई झोपेतसुद्धा बोलायच्या, आणि तेव्हाही कुणाला तरी रागावतच असायच्या. त्या नागपूरच्या, मी पुण्याची. त्यामुळे भांडायला विषय शोधावा लागत नसे. आमटीत गूळ घालायचा की नाही, एवढ्यावर आमचा एक अख्खा हिवाळा निघाला होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सासरे गेले आणि माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, आईला अमेरिकेत घेऊन आला. आम्ही तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहायचो. तो हाडांचा डॉक्टर. मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. सासूबाई दिवसभर घरी एकट्या. बाहेर बर्फ, शेजारीण इंग्रजी बोलणारी, टीव्हीवर कोण काय म्हणतंय ते कळायचं नाही. दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. या बाई टीव्हीला उलट उत्तरं द्यायच्या.

रविवारी सकाळी त्यांचा नागपूरला फोन असायचा. तिथे तेव्हा संध्याकाळ. फोनवर त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी. आता एवढ्या लांबून फोन लावल्यावर माणूस आधी तब्येत विचारील की नाही? छे! सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘भाजी कायची केली?’’ मावशी म्हणायची, वांग्याची, नाहीतर गवारीची. की लगेच यांचं, ‘‘तेल जास्त टाकलं असशील.’’ मग मावशी उसळायची. दोघी पोटभर भांडायच्या, आणि फोन ठेवल्यावर सासूबाईंचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा टवटवीत दिसायचा. मला हेवाच वाटायचा. माझ्याशी भांडून कधी त्या इतक्या खूश झाल्या नव्हत्या.

मग एका हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. थंडीने असेल म्हणून आम्ही हळददूध देत राहिलो. निघाली गाठ. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वासासाठी गळ्यापाशी एक छिद्र राहिलं, त्यावर त्या पातळ सुती रुमाल बांधायच्या. हॉस्पिटलने मानेला टेकवून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र दिलं होतं. पण किरणोपचारांनी मान इतकी कडक झाली होती की त्यातून नुसती भुणभुण निघायची, शब्द काही उमटत नसे. दोन-चारदा प्रयत्न करून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर आपटून बंद केला.

लहान मुलांची एक पाटी मिळायची तेव्हा. वरचा प्लास्टिकचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जायचं. घरचा कारभार त्या पाटीवर सुरू झाला. पण पाटीवर भांडता येत नाही हो. त्या वाक्य लिहून पुरं करीपर्यंत मी स्वयंपाकघरातून निघून गेलेली असायचे. हळूहळू त्यांनी लिहिणंच कमी केलं. घर शांत झालं. मला ती शांतता आवडली नाही. खरं सांगते, अजिबात आवडली नाही.

आणि पाटी फोनवर चालत नव्हती.

नागपूरला मावशीची नजर काचबिंदूने जवळपास गेली होती. पत्र गेलं की तिचा मुलगा वाचून दाखवायचा. सुरुवातीला तिने ऐकून घेतलं, की ताईचं ऑपरेशन झालं, ताई बरी आहे, फक्त बोलता येत नाही. मग तिला शंका यायला लागली. त्यात तिची काही चूक नव्हती. आपल्याकडे वाईट बातमी लपवायची रीतच आहे. मावशीचे यजमान परगावी असताना वारले, तेव्हा तिला ‘जरा तब्येत बिघडली आहे, चल’ एवढंच सांगून घरच्यांनी गाडीत बसवलं होतं. वाटेभर ती त्यांच्यासाठी डब्यात नेलेला शिरा सांभाळत बसली होती. तिच्या जागी मी असते, तर मीही कुणावर विश्वास ठेवला नसता.

‘‘पत्र कोणीही लिहील आणि कोणीही वाचील,’’ ती फोनवर माझ्या नवऱ्याला म्हणाली. ‘‘ताईले फोन दे.’’

त्याने फोन आईच्या हातात दिला. सासूबाईंनी बोटातल्या अंगठीने रिसीव्हरवर टकटक केलं. पलीकडून मावशी म्हणाली, ‘‘हे तर तूही करू शकतो ना रे.’’

त्या दिवशी सासूबाईंनी पाटीवर लिहून मला दाखवलं, ‘ती मले मेली समजून राहिली.’ मी वाचलं तरी त्यांनी कागद उचलला नाही. दिवसभर ते वाक्य तसंच टेबलावर होतं. त्यांना आवाज नको होता, जेवायखायला काही वेगळं नको होतं. बहिणीला आपण जिवंत आहोत हे कळावं, एवढंच हवं होतं.

त्या वेळी घरगुती कॉम्प्युटरला जोडायचे बोलणारे डबे बाजारात आले होते. त्यांच्याकडे अक्षरं पाठवली की डबा घोगऱ्या आवाजात इंग्रजी बोलायचा. मी ठरवलं, याला मराठी बोलायला लावायचं. पहिला विचार काय आला असेल? सगळं स्वतः लिहायचं! त्या काळात आम्ही प्रोग्रामर असेच होतो. दुसऱ्याने लिहिलेलं वापरणं म्हणजे उष्टं खाणं, असं वाटायचं आम्हाला.

ऑफिसात माझ्या शेजारी एक वयस्कर अमेरिकन इंजिनिअर बसायचा. शांत माणूस, माझ्या अगदी उलट. आमच्या गिऱ्हाइकांत एकाचं गोदाम टायरचं, दुसऱ्याचं गोठवलेल्या मटारांचं, आणि दोघेही दर महिन्याला मत बदलणारे. हा माणूस त्या कटकटीला कधी वैतागला नाही. तो म्हणायचा, जे विकत मिळतं ते लिहीत बसू नकोस. तू फक्त सांधे नीट कर. उद्या एक भाग काढून तिथे दुसरा बसवला, तर शेजारच्या भागाला त्याचा पत्ता लागता कामा नये. मी त्याच्याशी पुष्कळ वाद घातला होता, आणि तो प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणून आपलं सँडविच खात राहिला होता. या वेळी मला घाई होती, म्हणून मी त्याचं ऐकलं.

बोलणारा डबा विकत आणला. कुठली कळ दाबली ते ओळखणारा तयार प्रोग्राम एका फ्लॉपीवर मिळाला. वाक्यं साठवून ठेवून हवं ते शोधून देणारा दुसऱ्या फ्लॉपीवर. मी लिहिले ते फक्त मधले सांधे, आणि मराठीचे उच्चार इंग्रजी आवाजांत बसवायचा एक तक्ता. त्या डब्याला ळ येत नव्हता, त आणि ट त्याला सारखेच. त्याचं मराठी ऐकून कुणी पाद्री सर्दी झालेली असताना प्रवचन देतोय असं वाटायचं. पण कळायचं. सगळं कळायचं.

राहिली वाक्यं. मी नवऱ्याला विचारलं, आईंना काय काय बोलायला लागेल ते सांग. त्याने दोन संध्याकाळी बसून मला वाक्यं सांगितली. ‘नमस्कार, मी बरी आहे.’ ‘काळजी करू नकोस.’ ‘चहा हवा आहे.’ ‘साखर नको.’ ‘कमी मीठ घातलं तरी चालेल.’ ‘तुझी फार आठवण येते.’ ‘धन्यवाद.’ मी एकेका कळेवर एकेक वाक्य बसवलं. एक कळ बोलणं मध्येच थांबवायची ठेवली, डबा अडकला तर असावी म्हणून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडलं. सासूबाईंनी एकेक कळ दाबून सगळी वाक्यं ऐकली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नवरा म्हणाला, ‘‘आईला आवडलं, यार!’’

रविवारी फोन लावला. एकाच लाइनवर आमच्याकडे दोन फोन होते. एकाचा रिसीव्हर डब्याच्या जाळीपाशी ठेवला, दुसरा सासूबाईंनी कानाला लावला. मी त्यांच्या शेजारी कान देऊन बसले.

‘‘मावशी, आई बोलतेय गं. मशीनमधून,’’ नवरा म्हणाला.

सासूबाईंनी कळ दाबली. ‘‘नमस्कार, मी बरी आहे,’’ डबा म्हणाला. ‘‘काळजी करू नकोस.’’ आवाज तिकडे पोचून उत्तर यायला तेव्हा जरा वेळ लागायचा. त्या वेळात त्यांनी आणखी एक कळ दाबली. ‘‘तुझी फार आठवण येते.’’

पलीकडून हुंदका आला. 

‘‘कोण बोलून राहिलं रे हे?’’

‘‘आईच गं मावशी!’’

‘‘माझी ताई मले नमस्कार करते का रे कधी? आठवण येते म्हणते? जन्मात म्हटलं नाही तिनं असं.’’ मावशी मोठ्याने रडायला लागली. ‘‘नको लपवू रे बाबा. केव्हा गेली ते सांग. मले आंघोळ तरी करू दे.’’

सासूबाईंच्या कानाला रिसीव्हर तसाच होता. स्वतःच्या मरणाची आंघोळ त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली. त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला, डब्याची वायर भिंतीतून उपटली आणि खोलीत निघून गेल्या. जेवायलाही आल्या नाहीत.

मग आमचं जुंपलं. नवरा म्हणाला, मशीन तर छान बोललं, मावशीलाच पटत नाही त्याला आपण काय करणार. माझं डोकंच फिरलं. ‘‘मशीन छान बोललं, पण तुझी आई बोलली का त्यातून? धन्यवाद म्हणे! तुझ्या आईने या घरात कुणाला धन्यवाद म्हटलंय?’’ तो म्हणाला, ‘‘मग तू का घातलंस?’’ मी भांडी जोरात घासायला घेतली. ऑफिसात आम्ही गोदामाच्या मालकाला विचारायचो आणि रोज माल उचलणाऱ्याला विचारायचं विसरायचो, तेच घरी झालं होतं. आई कशी बोलली तर मुलाला बरं वाटेल, ते त्या डब्यात भरलं गेलं होतं.

काही दिवस डबा टेबलावर तसाच पडून राहिला. मी त्यावर फडकं टाकलं.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर दारातूनच आवाज ऐकू आला. ‘‘चहा.’’ मग थोडी शांतता. ‘‘साखर.’’ पुन्हा शांतता. ‘‘कमी.’’

मला वाटलं, बिघडला. आत गेले. सासूबाईंनी वायर स्वतःच लावली होती. त्यांच्यापुढे चहाचा कप होता, मुलाने केलेला, म्हणजे डॉक्टरी साखरेचा. त्या काय करत होत्या ते मला कळायला वेळ लागला. ‘चहा हवा आहे’ची कळ दाबायची, आणि पहिला शब्द निघाला रे निघाला की थांबवायची कळ. मग ‘साखर नको’, आणि थांब. मग ‘कमी मीठ घातलं तरी चालेल’, आणि थांब. आमच्या गोडगोड वाक्यांच्या माना मोडून बाईंनी त्यातून एक तक्रार उभी केली होती!

माझ्याकडे बघत त्यांनी ती मला पुन्हा ऐकवली. ‘‘चहा. साखर. कमी.’’ चेहऱ्यावर जुना रंग चढला होता. मी बर्फाचे बूट घालून तशीच कार्पेटवर उभी होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, त्यात बुटांबद्दल काहीच नव्हतं, तेव्हा टेबलावर हात आपटून माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मला इतका आनंद झाला की मी बूट काढायचे सोडून हसतच सुटले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या त्या शांत इंजिनिअरला सांगितलं. तो सँडविच खाली ठेवून हसला. म्हणाला, तुझे तुकडे फार मोठे होते. बाईंना शब्द हवे होते, तू त्यांना भाषणं दिलीस. आता गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन बस.

बसले. रोज संध्याकाळी पोळ्या झाल्या की मी कॉम्प्युटरपुढे आणि सासूबाई पाटी घेऊन माझ्या शेजारी. वाक्यांची फ्लॉपी काढली, तिच्या जागी तुकड्यांची घातली. डबा तोच, कळा ओळखणारा प्रोग्राम तोच, उच्चारांचा तक्ता तोच. त्यांतल्या कुणालाही काही बदललंय याचा पत्ता लागला नाही. सांधे बरोबर पडले होते, त्या वेळी ऐकलं ते बरं झालं असं मनातल्या मनात म्हटलं. त्या माणसाला मात्र सांगितलं नाही, उगाच शेफारला असता.

कुठले तुकडे घालायचे ते सासूबाई पाटीवर लिहायच्या. ‘धन्यवाद’ त्यांनी सगळ्यांत आधी काढायला लावलं. मग आलं तेल. मीठ. जास्त. काऊन, म्हणजे आपलं ‘का’. बाप्पा. म्हटलं ना. गाढव. ‘राहिली’साठी त्यांनी वेगळी कळ मागून घेतली, कारण नागपुरात त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. एक दिवस त्यांनी लिहिलं, ‘सून’. मी म्हटलं, ‘‘आई, मी समोरच असते की. सून कशाला हवी डब्यात?’’ त्यांनी लिहिलं, ‘लागते.’

तुकडे दाबत गेलं की ते पडद्यावर एकापुढे एक जमा व्हायचे, आणि शेवटची मोठी कळ दाबली की डबा सगळं एका दमात म्हणायचा. कळांवर मी मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या उलट्या लागल्या म्हणून त्या माझ्यावर रागावल्या, आणि तेवढ्यासाठी त्यांनी डब्यातून पहिल्यांदा मला ‘गाढव’ म्हटलं. मी म्हटलं, ‘‘तुमचं मुंडासं सैल झालंय आधी ते बघा,’’ म्हणजे गळ्याचा रुमाल. भांडण असं रीतसर सुरू झालं. नवरा वरच्या खोलीतून ओरडला, ‘‘काय चाललंय तुमचं?’’ आम्ही दोघी भांडतच राहिलो.

एका रविवारी सकाळी त्या स्वतःच येऊन टेबलाशी बसल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या, फोनसाठी! नवऱ्याने नागपूरचा नंबर फिरवला. मावशी फोनवर यायला तयार नव्हती. तिचा मुलगा म्हणाला, ती ऐकतच नाही, त्या फोनपासून नीट जेवलेलीही नाही. नवऱ्याने खूप विनवलं, तेव्हा तिने रिसीव्हर घेतला.  नुसता श्वास ऐकू येत होता.

नवरा ‘मावशी, ही आई...’ असं काही म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंनी हाताने त्याला गप्प केलं. बोटं कळांवर फिरली. मोठी कळ दाबली.

‘‘भाजी कायची केली?’’ डबा म्हणाला.

 मला वाटलं लाइन तुटली. मी रिसीव्हरला कान आणखी टेकवला.

‘‘काय?’’ मावशी म्हणाली.

सासूबाईंनी तीच कळ पुन्हा दाबली. ‘‘भाजी कायची केली?’’

 मग अगदी लहान मुलीच्या आवाजात उत्तर आलं. ‘‘वांग्याची.’’

सासूबाईंची बोटं आता भराभर चालली. ‘‘तेल जास्त टाकलं असशील.’’

पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा ते मला आजही सांगता येणार नाही. ‘‘ताई! माय वो, ताई!’’ आणि मग एकदम, ‘‘तेल माझ्या घरचं आहे, मी कितीही टाकीन!’’ नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. सासूबाई मात्र हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. पुढचं काय बोलायचं ते शोधत होत्या. मावशीने श्वास घेतला आणि तीच विचारती झाली, ‘‘जीव घेतला ना माझा! एवढे दिवस काऊन नाही बोलली मग?’’

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. एकेक तुकडा शोधून दाबत होत्या, आणि तो पडद्यावर पुढच्याला लागत होता, म्हणून डब्याच्या आधी मी वाचलं.

‘सून शिकून राहिली होती.’

मग त्यांनी मोठी कळ दाबली आणि ते नागपूरला पोचलं.